पाखाडीच्या तोंडाशी भिंत

वाचक विचारतात

मागच्या अंकात लेआउटच्या, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या, नकाशातल्या ‘ओपन स्पेस’बद्दल, सगळ्यांसाठी सोडायच्या मोकळ्या जागेबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं जवळजवळ सगळी बागांची आणि वाटांची आहेत. त्यातली सहा घेतली, काही थोडी कापून. तक्रारीच्या पत्रांतली गावांची नावं गाळली आहेत, कारण त्याच गावांतून मला एसटीनं जायचं-यायचं असतं. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी नगररचनेच्या कचेरीत 31 वर्षं आरेखक होतो. आता रत्नागिरीत घरी असतो. गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी थिबा पॉइंटला जाऊन भाट्याच्या खाडीकडे बघून येतो.

काका, आमच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी बाग झाली. कारंजं, लॉन, ओपन जिम, सगळं आहे. उद्घाटनाला पाय ठेवायला जागा नव्हती. आता संध्याकाळी मी आणि माझी जाऊ, दोघीच. बाकीच्या बायका शंभर पावलांवर राहतात, पण गच्चीवर फेऱ्या मारतात. लोकांनाच आवड नाही, की बागेचं काही चुकलंय?
— निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

बाई, पत्र आलं त्याच आठवड्यात मी जाऊन आलो. तुम्हाला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही कोकम सरबत पुढे करून घरातच बसवून ठेवलं असतं.

मे महिना, संध्याकाळचे पाच. बागेत मी, एक कुत्रा आणि कारंज्याच्या कोरड्या हौदात पाण्याची रिकामी बाटली. लॉन जळलेलं. बाकं सिमेंटची, तोंड पश्चिमेला, डोक्यावर काही नाही. बसून पाहिलं, पँटीतून चटका बसला. व्यायामाची यंत्रं लोखंडी, त्यांच्या मुठी धरवत नव्हत्या. झाडं शोभेची, ज्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्याला पुरत नाही. फिरायच्या वाटेला गुळगुळीत लाद्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांवर शेवाळ धरेल आणि मग गणपती होऊन जाईपर्यंत साठीपुढचं माणूस तिथं पाय टाकणार नाही.

पण बायका येत नाहीत त्याचं मुख्य कारण हे नव्हे, असं मला वाटतं. तुम्ही ‘शंभर पावलं’ लिहिलंत, तीच मोजायला निघालो. वरच्या वाडीतून खाली येणारी जुनी पाखाडी आहे ना, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या, तिच्यावरून उतरलो. एकशेदहा पावलं भरली. आणि समोर बागेची भिंत. फाटक पार पलीकडे, मोठ्या रस्त्याला, कारण कोनशिला तिथून दिसते. पुन्हा वर चढलो, गॅरेजवरून वळलो, जांभ्याच्या कापीव चिऱ्यांचे ट्रक जातात त्या रस्त्याच्या कडेकडेनं फाटकाशी आलो तेव्हा सातशे चाळीस पावलं झाली होती. फुटपाथ नाही. गटारावरच्या फरशा दोन ठिकाणी गायब. नातवाचं बोट धरून या वाटेनं रोज कोण येणार? त्यापेक्षा गच्ची बरी.

भिंतीत पाखाडीच्या अगदी समोर तीन चिरे काढलेले दिसले. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे पोरं रोज तिथून शिरतात. कचेरीत हरकती-सूचना मागवल्या की चार अर्ज येत. लोक आपली हरकत अशी भिंतीत लिहितात, हे तेव्हा मला वाचता येत नव्हतं. त्या भोकाच्या जागी एक लहान फाटक मागा. अर्ज तुम्ही लिहा, सही वरच्या वाडीतल्या प्रत्येक बाईची घ्या. कारंजं पुन्हा चालू करण्यापेक्षा ते स्वस्तात होईल. दुसरी मागणी बाकांवर सावली, आणि तिसरी निसरड्या लाद्यांच्या जागी खरबरीत चिरा. कारंज्याचं नाव काढू नका.

आता हे का होतं ते सांगतो. रोजच्या वापराची बाग घरापासून 400 मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीत असावी, असा आमचा आडाखा. आम्ही नकाशावर कंपासनं वर्तुळ काढायचो आणि आतली सगळी घरं ‘बाग आहे’ या रकान्यात टाकायचो. कोकणात कंपास चालत नाही. मध्ये पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ असतो, कुणाचा तरी गडगा, दगडी कुंपण असतं, वीस फूट उंचीचा दरडीचा उतार असतो. वर्तुळातलं घर नकाशावर जवळ आणि पायांना लांब.

याहून मोठी चूक माझ्या हातून झाली आहे. सरकारी नोकरीच्या आधी दोन वर्षं मी एका खाजगी इंजिनिअरकडे नकाशे काढायचो. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडायची असते. आजच्या 2020 च्या एकत्रीकृत नियमावलीतही 0.4 हेक्टर आणि त्यापुढच्या जमिनीला तो नियम आहे. मालकाला प्लॉट हवे होते सरळ, चौकोनी. शेवटी उरला तो पऱ्याकाठचा तिकोनी तुकडा, उताराचा, करवंदीच्या जाळीचा. त्यावर मी हिरवी शाई फिरवली. क्षेत्रफळ दशांशापर्यंत बरोबर, नकाशा मंजूर. आज तिथं विजेची डीपी आहे, पाण्याची टाकी आहे आणि सार्वजनिक गणपतीच्या मांडवाचे वासे पडलेत.

गंमत अशी की त्याच पऱ्यावर वरच्या आणि खालच्या लेआउटवाल्यांनीही आपापला टाकाऊ कोपराच मोकळा सोडला होता. तीन तिकोनी तुकडे, एकाच पाण्याच्या काठी, एकमेकांना जवळजवळ लागून. जोडले असते तर डोंगरातून खाडीपर्यंत सावलीची वाट झाली असती. तिघांनीही मध्ये कुंपण घातलं. सिंगापूरनं नव्वदच्या दशकापासून नेमकं उलटं केलं. नाल्यांच्या काठची राखीव पट्टी नुसती पडून होती, तीवरून बागेला बाग जोडणाऱ्या वाटा काढल्या. आज त्यांची लांबी 300 किलोमीटरच्या वर आहे. त्यांच्याकडे जागेची आपल्यापेक्षा जास्त टंचाई, बाई.

आपल्याकडे समुद्र आहे, डोंगर आहे, जिकडे बघावं तिकडे झाडी. बागा मुंबई-पुण्याला लागतात. आमच्या वाडीत एप्रिलपासून टँकर येतो आणि नगरपंचायत बागेवर खर्च करते. तो पैसा पाण्याला घालावा असं तुम्ही का लिहीत नाही?
— किराणा दुकानदार, चिपळूण तालुका

तुमचा राग पटतो. बाकीचं पटत नाही.

तुमच्याभोवतीचं हिरवं एकदा मोजून बघा. हापूसची कलमं, त्यांना तारेचं कुंपण आणि आंबा धरला की राखणीला गुरखा. काजूची बाग, तेच. खाली नारळी-पोफळीची आगरं गडग्याच्या आत. खाडीला खारफुटी, तिथं शिरायचं नसतं आणि शिरूही नये. उरला सडा, म्हणजे वरचं कातळाचं माळरान. त्यावर चिरेखाणी, आणि खाणी नाहीत तिथं प्लॉटिंगचे रंगवलेले दगड. आता चौथीतल्या मुलाला सायकल शिकायला यातली कुठली जागा देता? आपण लहान असताना सड्यावर गुरांमागून कुठंही जाता येत होतं, म्हणून बागेची गरज भासली नाही. ते सडे नातवंडांना मिळायचे नाहीत.

हिरवं नुसतं दिसण्यालाही किंमत आहे, हे कबूल. 1984 साली रॉजर उलरिख यांनी ‘सायन्स’मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. पण ते रुग्ण पलंगावर पडून होते. तुम्हाला-मला चालायला हवं. प्रौढ माणसानं आठवड्याला किमान 150 मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुकानाच्या गल्ल्यावर बसून ती भरत नाहीत.

आता पाणी. जांभा सच्छिद्र दगड. सड्यावर पडलेलं पाणी त्यात मुरतं आणि खाली झऱ्यांनी, पऱ्यांनी बाहेर येतं. तुमच्या विहिरीचं पाणी वरच्या सड्याचं देणं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत. अंगणं, खळी, रस्त्याच्या कडा पेव्हर ब्लॉकनी बंद केल्या की तो तासाभरात गटारात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात. म्हणून मातीची, झाडांची मोकळी जागा राखणं हा पाण्यावरचाच खर्च. लॉन आणि कारंज्याचा खर्च मात्र खरंच वायफळ, तिथं मी तुमच्या बाजूनं अर्जावर सही करीन. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, ते काही एखाद्या बागेनं अडलं नसतं. तरी नदीकाठी मैदान मोकळं असलं तर पाणी आधी तिथं पसरतं, माजघरात नंतर येतं.

आणि पैसा नसला तरी जागा आधी धरून ठेवा. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण हिरव्या रंगात दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही, मग मालकानं नोटीस दिली आणि त्यानंतर 24 महिन्यांतही संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण उडतं. मालकाचंही त्यात चूक नाही, त्यानं किती वर्षं जमीन अडकवून ठेवायची? माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान मिठी नदीकाठच्या कचऱ्याच्या ढिगावर उभं आहे, 37 एकर, 1994 पासून लोकांसाठी खुलं. कचऱ्याची का होईना, जागा हातात होती म्हणून जंगल उभं राहिलं.

मी मुंबईला असतो. यंदा गणपतीला आलो तर मूर्तिकाराच्या शाळेतून मूर्ती डोक्यावर घेऊन ज्या पाखाडीनं आजोबा यायचे, तिच्या मध्येच नव्या बंगल्याची भिंत. मूर्ती रिक्षातून लांबच्या रस्त्यानं आणली. गाव आता नगरपंचायतीत आहे. मालक म्हणतो जमीन माझी. काही करता येईल?
— चाकरमानी, मुक्काम डोंबिवली

करता येईल, पण भिंतीपाशी उभं राहून भांडू नका. आधी कागद बघा. भूमी अभिलेखच्या कचेरीत गावनकाशाची नक्कल मिळते. त्यात पायवाट असेल तर एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. सिटी सर्व्हे झाला असेल तर त्याचीही शीट घ्या. तुटक रेषा सापडली तर अर्धं काम झालं. वाट सार्वजनिक, आणि अडथळा काढणं नगरपंचायतीचं काम. दाद लागत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढाच प्रश्न. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

रेषा नसली तर वहिवाटीचा मुद्दा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे 20 वर्षं उघडपणे, हक्कानं आणि विनाअडथळा वापर असेल तर वाटेचा हक्क मागता येतो, मात्र अडथळा आल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावायला हवा. पुढे कुणाची शेती असेल आणि तिची वाट अडली असेल, तर तो शेतकरी तहसीलदाराकडे 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली जाऊ शकतो. तिथं मुदत सहाच महिन्यांची. गणपतीत भिंत झाली असं धरलं तर शिमग्याच्या आसपास संपली. म्हणून भिंत नेमकी कधी घातली ती तारीख आजच शेजाऱ्याकडून लिहून घ्या. हे सगळं वकिलाला दाखवून करा, मी नकाशेवाला माणूस.

पुरावा म्हणून सगळे म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करतात. तुमच्याकडे त्याहून बरा एक आहे. शिमग्यात देवीची पालखी त्या पाखाडीनं जात होती का? जात असेल तर मानकऱ्यांना विचारा, घराघरांत जुने फोटो असतील. पालखी कुणाच्या मेहेरबानीनं वाट काढत नाही, ती ठरलेल्या वाटेनंच जाते.

आणि एकदा मालकाकडे चहाला जा. अशा एका प्रकरणात मी मोजणीला गेलो होतो. मालकाची तक्रार एवढीच निघाली, की रात्री लोक दारू पिऊन त्याच्या पायऱ्यांवर बाटल्या फोडतात. कडेनं चार फुटांची वाट आणि एक दिवा, यावर प्रकरण मिटलं. कोर्टात गेलं असतं तर दोघांचीही नातवंडं तारखांना गेली असती.

कॉलेजमधून परत येताना आम्ही मुली किनाऱ्याच्या वाटेनं येतो. सातनंतर काळोख आणि भीती. आम्ही उंच खांबांचे हायमास्ट दिवे मागितले तर काही जण म्हणाले, कासवांना त्रास होतो. आमच्यापेक्षा कासवं मोठी का?
— बी. कॉम.ची विद्यार्थिनी, समुद्रकाठचं गाव

नाहीत. पण ताई, हायमास्ट तुझ्याही कामाचा नाही.

कासवांचं म्हणणं खोटं नव्हे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री वर येऊन अंडी घालतात. पिल्लं वाळूतून बाहेर आली की जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. मागे हायमास्ट असला की पिल्लं उलटी रस्त्याकडे येतात आणि सकाळी कावळे टिपतात.

आता हायमास्टखाली स्वतः उभी राहून बघ. खांबाखाली लख्ख, आणि त्या वर्तुळाबाहेर काही म्हणजे काही दिसत नाही, डोळे दिपलेले असतात. बाहेरच्याला मात्र तू दिसतेस. भीती वाटते ती तिथंच. मागायचे ते गुडघ्याएवढ्या उंचीचे दिवे, वर झाकण असलेले, उजेड फक्त पायवाटेवर टाकणारे, समुद्राकडे पाठ केलेले. पंधरा-वीस पावलांवर एक. त्यात पायाखालची वाट दिसते, डोळे दिपत नाहीत आणि कासवांनाही त्रास कमी.

दिव्याइतकीच माणसं लागतात. दादरचं शिवाजी पार्क 1925 पासून लोकांना खुलं आहे. त्याला उंच भिंत नाही, भोवती बुटका कट्टा. कट्ट्यावर म्हातारे, प्रेमी जोडपी, क्रिकेट बघणारे, रात्रीपर्यंत कुणी ना कुणी. पहारेकरी न नेमता पहारा. तुमच्या वाटेवर शहाळंवाला आणि भेळवाला साडेआठपर्यंत बसू देत, त्यांना हुसकावणारा ठराव होत असेल तर त्याला हरकत घ्या. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, कुलूप नसलेलं. हे शेवटचं लिहायला तुम्हाला संकोच वाटेल, म्हणून अर्जात माझ्या नावानं टाका.

बागेत कोणती झाडं लावावीत? सभेत सगळे गुलमोहर म्हणतात.
— नगरसेविका

गुलमोहर नको. फांदी ठिसूळ, मुळं उथळ. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं उत्तर कोकणात झाडांचं काय केलं ते आपण पाहिलंय. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला उंडी, करंज, भेंडी. आत बकुळ, सुरंगी, जांभूळ, रातांबा. फणस लावा, पण वाटेपासून लांब, डोकं आपलं असतं. आणि जागेवर आधीच उभा असलेला जुना आंबा-वड बागेसाठी तोडू नका. 50 वर्षांवरच्या झाडाला 2021 पासून कायद्यानं वारसा वृक्षाचा दर्जा आहे, शिवाय तेवढी सावली लावून मिळायला तुमच्या मुलीची मुलगी नगरसेविका व्हावी लागेल.

आमच्या शाळेजवळच्या बागेत बोर्ड आहे. ‘खेळू नये. गवतावर चालू नये. फुले तोडू नयेत. सायकल आणू नये.’ मग बागेत काय करायचं?
— इयत्ता सातवी

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तर सुचलं नाही. फुलं तोडू नये, हे मला मान्य आहे. बाकीच्यांसाठी तुला एक काम देतो.

एक वही घे. सोमवार ते शनिवार, शाळा सुटल्यावर साडेपाच ते साडेसहा, फाटकाबाहेर बस. आत किती माणसं गेली, त्यात मुलं किती, म्हातारी माणसं किती, बायका किती, प्रत्येकानं आत काय केलं, किती वेळ थांबलं, सगळं लिही. फाटकापर्यंत येऊन बोर्ड वाचून परत फिरलेली मुलं वेगळ्या रकान्यात. पाऊस आला तर तेही लिही. मग बागेची लांबी-रुंदी पावलांनी मोज आणि नकाशा काढ. झाडं कुठं, सावली साडेपाचला कुठं पडते, पाणी कुठं साचतं. स्केल चुकलं तरी चालेल, मी सुधारून देईन. वही मासिकाच्या पत्त्यावर पाठव, बोर्ड लावणाऱ्या साहेबांना मी ती नेऊन दाखवीन. त्यांच्या टेबलावर इतकी वर्षं माझे नकाशे गेले, त्यात फाटकातून परत फिरलेल्यांचा रकाना कधी नव्हता.

नकाशाला पेन्सिल वापर. शाई मागाहून.